तपासणीच्या दिवशी मी जास्त चालले

मी सातवीपर्यंत शिकले. त्यानंतर हातात पेन धरलं ते ब्लाउजची मापं लिहायला. तेव्हा लिहिण्यात कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. ज्यांच्या घरात कुणाचे हातपाय आजारानं गेलेत आणि आता दाखल्यासाठी, घरपट्टीच्या सवलतीसाठी हिंडायची वेळ आलीय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते. सांगणारं कुणी नव्हतं असं नाही. मी विचारलंच नाही.

माझं माहेर वाशिमकडं. मामा इकडं साखर कारखान्यात वेल्डर होते. त्यांनी स्थळ आणलं आणि मी बीड जिल्ह्यात, कडा गावाजवळच्या ह्या गावात आले. माहेरी जायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या आणि अख्खा दिवस धरायचा. आमचे हे हंगामात कारखान्यात कामाला असतात. मुलगी लग्न होऊन पुण्याकडं गेली. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

मुंग्या

दिवाळीच्या आधी शिवणकामाची गर्दी असते. मी दिवसभर मशीनवर बसून होते आणि पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. बसून बसून आल्या असतील म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या. तिसऱ्या दिवशी मशीनवरून उठायला गेले तर उठता येईना. मला हसू आलं. सासूबाईंनी ओव्याचं तेल गरम करून चोळलं आणि म्हणाल्या, वात आहे, जाईल. पाचव्या दिवशी हातातला चमचा गळून पडला तेव्हा ह्यांनी मोटारसायकल काढली. मागं बसवत नव्हतं म्हणून त्यांनी माझ्याच साडीच्या जुन्या पट्ट्यानं मला स्वतःच्या कमरेला बांधलं.

कड्याच्या डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर केलं, तोही नाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि ह्यांना सांगितलं की नगरला न्या, आत्ता न्या, जेवायला थांबू नका. आमच्याकडं डॉक्टर माणूस असं बोलला की समजायचं ते समजतं.

नगरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नसा म्हणजे वायरी धरा. वायरीच्या आत तार असते, वर प्लास्टिक असतं. तुमचं वरचं प्लास्टिक गेलंय, तार शाबूत आहे. ह्यांनी विचारलं, ते प्लास्टिक परत येतं का?

"येतं," डॉक्टर म्हणाले. "पण सगळ्यांचं सगळं परत येईलच असं नाही."

आम्ही दोघांनी त्यातला पहिला शब्द तेवढा जवळ ठेवला. पुढचं वाक्य त्या खोलीतच राहिलं. ते आम्हाला फार उशिरा ऐकू आलं.

एका श्वासात

दवाखान्यात रोज सकाळ संध्याकाळ सिस्टर यायच्या आणि एका श्वासात आकडे म्हणायला लावायच्या. आजार छातीकडं सरकतोय का हे त्यावरून कळतं म्हणे. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरावर दम संपला. सिस्टर तशाच बाहेर गेल्या आणि दोन डॉक्टर घेऊन आल्या. मला दुसऱ्या खोलीत हलवलं. तिथं नळ्या लावल्या.

तेव्हा भीती वाटली, पण लोक सांगतात तसे देवाचे वगैरे विचार आले नाहीत. घरी कापून ठेवलेले नऊ ब्लाउज होते, बायांची ऐन सणाची कापडं. ती कोण शिवणार ह्याचाच घोर लागला होता. आई रोज फोन करायची. तिला यायला जमलं नाही, वडील अंथरुणावर होते. ती एकच विचारायची, जेवलीस का. नळीनं जेवण चालू होतं तेव्हासुद्धा हे तिला हो जेवली म्हणून सांगायचे.

शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांची सून माझी कुणी लागत नव्हती. पण तिनं रोज सासूची वेणी घातली की माझीही घालायची. मला मान उचलता येत नव्हती, ती एका हातानं मान धरायची. तिचं नाव मी विचारलं होतं, आता आठवत नाही. ह्याचं वाईट वाटतं.

मग व्यायाम सुरू झाला. व्यायाम घेणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. अंगठा पहिल्यांदा हलला त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाय एक वीत उचलला तेव्हा अख्ख्या वॉर्डाला बोलावून दाखवलं. भिंतीच्या बारला धरून उभी राहिले तर मोठे डॉक्टर स्वतः आले. मला ह्या माणसांनी मरणातून काढलं होतं. त्यांना द्यायला माझ्याकडं दुसरं काय होतं? मी एक शिकले. पांढरा कोट दिसला की जेवढं जमतं त्याच्यापेक्षा दोन पावलं जास्त चालायचं. मग पाय थरथरले तरी चालेल, घाम फुटला तरी चालेल, त्यांच्या तोंडावर हसू आलं पाहिजे.

ही सवय मी घरी घेऊन आले.

तथास्तु

घरी येऊन वर्ष होत आलं. पहिले सहा महिने दर महिन्याला फरक पडत होता. मग थांबला. भिंत धरून मी चुलीपासून दारापर्यंत जायचे. पाऊल लटकत जमिनीला घासायचं, त्यामुळं चप्पल पायात राहायची नाही. मशीनचा पायटा दाबता येत नव्हता. मशीनवर आता पिठाचे डबे आहेत.

एकदा भाकरी थापताना मी सहज बोलून गेले की आता ह्याच्यापुढं मला चालता येणार नाही बहुतेक. सासूबाईंनी पीठ भरल्या हातानं माझं तोंड दाबलं. "घरात असं बोलू न्हाई ग बाई, वास्तू तथास्तु म्हणती." आमच्याकडं हे सगळेच मानतात. वाईट बोललं की घर ऐकतं आणि तसंच होतं. म्हणून आमच्या घरात माझ्या पायांबद्दल कुणी बोलायचं नाही. गावात कुणी विचारलं की हे सांगायचे, बरी हाय आता, कामबी करती. मलाही बाहेर तसंच सांगायची सवय लागली.

मग पंचायतीची नोटीस आली. दोन वर्षांची घरपट्टी आणि पाणीपट्टी थकली होती, मार्चअखेर भरली नाही तर नळ बंद. आजारपणात कुणाच्या लक्षात राहतंय? आणि सगळं एकदम भरायला हातात पैसा उरला नव्हता. नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, पण दारात येतं. नळ बंद झाला तर शाळेमागचा हातपंप. मधी नाला आहे, चढ आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत. मी तर दाराची पायरीच उतरत नव्हते. हे हंगामात बारा बारा तास कारखान्यात. म्हणजे नळावरच आमचं घर चालत होतं.

ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते वसुलीला दारात आले तेव्हा मला भिंत धरून येताना त्यांनी पाहिलं. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले की ताई, घरकुल तुमच्या नावावर मंजूर झालेलं आहे, म्हणजे नमुना आठला, पंचायतीच्या घरांच्या नोंदीत, मालक तुम्हीच. मालकच अपंग असेल तर घरपट्टीत सवलत बसते. बीडहून दाखला आणा, चाळीस टक्क्यांच्या वर पाहिजे. अर्ज केल्याची पावती दाखवलीत तर दाखल्याचं कळेपर्यंत मी नळाला हात लावत नाही.

ते गेल्यावर ह्यांचं डोकं फिरलं. "अपंग कावून म्हणायचं? बरी झालीय ती. पंचायतीच्या फळ्यावर नाव लावतेत यादीत." मी म्हटलं, नावापेक्षा पाणी मोठं आहे. दुसऱ्या दिवशी ते कड्याला जाऊन ऑनलाइन फॉर्म भरून आले.

खिडकीपर्यंत

आमचं सगळं दवाखान्याचं काम नगरला, पण दाखल्याला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. पहाटेची एसटी धरून बीडला गेलो. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, मोठ्या डॉक्टरांसमोर उभं राहायचं, म्हणून मी मुलीच्या लग्नातली जांभळी साडी नेसले होते. केस नीट बांधले, टिकली लावली. काठी नेली नाही. ह्यांनीच म्हटलं, राहू दे, धरतो मी.

सरकारी दवाखान्यात लई गर्दी होती. तीन तास बाकावर बसलो. नंबर आला. आतले डॉक्टर थकलेले दिसत होते, पण बोलायला चांगले होते. कागद वाचले, पाय वर खाली करून बघितले, आणि म्हणाले, चालून दाखवा.

समोर खिडकी होती. मी ह्यांचा हात सोडला. कशी चालले ते मला सांगता येणार नाही. दात आवळले आणि गुडघे मागं टाकून टाकून खिडकीपर्यंत गेले. तिथं गज धरून वळले आणि परत आले. ब्लाउज पाठीला चिकटला होता. ह्यांच्या तोंडावर हसू होतं. डॉक्टर म्हणाले, छान. मी हात जोडले. डॉक्टरांनी लिहिलं.

मी खरंच खुशीत बाहेर आले. बाकावर बसले तर पाय आपोआप थडथडायला लागले. शेजारी कुबड्या घेतलेले एक भाऊ बसले होते, लहानपणी पोलिओ झालेले. नांदूरघाटचे होते, दाखला नवा करून घ्यायला आले होते. माझ्याकडं वरून खाली बघून म्हणाले, "ताई, कुणाच्या लग्नाला आलतीस का तपासणीला?"

मी हसले. त्यांनी विचारलं, आत किती चाललीस.

"खिडकीपर्यंत आन् परत."

"हात न धरता?"

"न्हाई धरला."

"मग घरी जा," ते म्हणाले. "बक्षीस मिळायचं असतं तर पहिला नंबर होता तुझा. दाखला न्हाई मिळत." मग आवाज खाली करून म्हणाले, "अगं, हितं नाटक करून जास्त दाखवणारे येतेत म्हणून डॉक्टर डोळ्यात तेल घालून बघतेत. तू उलटंच नाटक केलंस. त्यांनी काय करायचं? जे दिसलं ते लिहिलं."

हे चिडले. आमच्या घरात नाटकं करत नाहीत म्हणाले. ते भाऊ काही रागावले नाहीत. म्हणाले, दाजी, मी पन्नास वर्षं चालतोय असा, मला चांगलं चालून दाखवायचा मोह अजून होतो.

दाखला आला त्याच्यावर एकतीस टक्के होतं. भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं. पण चाळीसच्या खाली त्यांना काही करता येत नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा. मार्च संपला आणि शिपाई पान्हा घेऊन आला. मी दारातच बसले होते. त्यानं माझ्याकडं न बघता नळ बंद केला.

उन्हाळा

ह्या महिन्यांबद्दल थोडंच लिहिते. हे कामावर जायच्या आधी मोटारसायकलला चार कॅन बांधून पाणी आणायचे, आल्यावर पुन्हा चार. सासूबाई एकदा हट्टानं हातपंपावर गेल्या आणि नाल्यात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, तेवढं देवानं बघितलं. शेजारच्या बायका घागर घागर द्यायच्या. त्यांचे उपकार आहेत. पण रोज उपकार घेऊन माणूस घरातल्या घरात लहान होतो. मी पाणी कमी प्यायला लागले, म्हणजे उठावं कमी लागेल.

फेरतपासणी करता येते हे मला त्या नांदूरघाटच्या भावानं सांगितलं होतं. अर्ज मी स्वतः लिहिला. पहिल्या कागदावर लिहिलं की माझी तपासणी चुकीची झाली. मग वाचून बघितलं. तपासणी चुकीची झाली नव्हती. कागद फाडला आणि दुसरा लिहिला: मी त्या दिवशी माझ्या ताकदीपेक्षा जास्त चालले, तरी मला परत बघावं. सेतू केंद्रातल्या माणसानं तो वाचला, असा अर्ज कधी बघितला नाही म्हणाला, पण जोडून दिला.

नंबर लागायला पावसाळा संपला. मधल्या काळात मला एकाच गोष्टीची भीती होती. तिथं जाऊन मला चालता येत नाही असं तोंडानं म्हणायचं. नगरच्या त्या मॅडमना, डॉक्टरांना हे कळलं तर त्यांच्या मेहनतीवर पाणी ओतल्यासारखं होईल असं वाटायचं. शेवटी मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मावशी, तुम्ही नळीवर होता, आज भाकरी करता, ते आमचं यश आहेच. पण जे परत आलं नाही ते आलं नाही, ते सांगण्यात आमचा काय अपमान? मी थोडा वेळ रडले. मग भाकरी केल्या.

ह्यांना आत बोलावलं

दुसऱ्या वेळी घरातलीच साडी होती आणि हातात काठी. ह्यांना बाहेर बसा म्हटलं. ते जवळ असले की मला चांगलं चालावंसं वाटतं.

डॉक्टर तेच निघाले. त्यांनी जुना कागद बघितला, मग माझा अर्ज, मग मला. म्हणाले, मागच्या वेळी तर तुम्ही खिडकीपर्यंत गेला होतात.

मी सांगितलं, "साहेब, तुम्हाला बरं वाटावं म्हणून गेले होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं चिडले. त्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे. मग शिपायाला सांगून ह्यांना आत बोलावलं. हे टोपी हातात घेऊन उभे राहिले. डॉक्टरांनी मला गप्प राहायची खूण केली आणि ह्यांना विचारलं, घरी ह्या कशा चालतात.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मला खात्री होती, हे बरी हाय म्हणणार. दोन वर्षं त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. आणि ते तसं म्हणाले असते तर मी त्यांना खोटं पाडलं नसतं, हेही खरं लिहिते. नळ बंदच राहिला असता.

"भिंत धरून चालती," हे म्हणाले. "दाराची पायरी उतरता येत न्हाई. आंघोळीला मी बसवतो, मी नसलो की म्हातारी बसवती. तीनदा पडली, दोनदा माझ्यासमोर." मग थांबले. "गावात कुणाला सांगितलं न्हाई साहेब. हिलाबी कधी म्हणलो न्हाई. बरी हाय म्हणत राहिलं की व्हईल, असं वाटलं."

मला वाटायचं त्यांना दिसतच नाही. त्यांना पडण्याचे आकडेसुद्धा पाठ होते.

मग डॉक्टरांनी नीट तपासलं. जमिनीवर बसून उठायला लावलं, उठता आलं नाही. एक पायरी होती लाकडाची, तिच्यावर चढायला लावलं, तेही आलं नाही. टाचेवर उभं राहायला सांगितलं. मी जेवढं येतं तेवढंच केलं. येत असून कमी करायचं नाही आणि येत नसून जास्त करायचं नाही, हे सांगायला सोपं आहे, करताना अंगाला लई जड जातं. हे सगळा वेळ हात पुढं करून उभे होते, पण त्यांनी धरलं नाही.

दाखल्यावर ह्या वेळी चौपन्न आलं. काही वर्षांनी पुन्हा तपासायचं असंही त्याच्यावर लिहिलंय. तेव्हा सुधारलेलं असलं तर मी आनंदानं दाखला परत देईन.

कुणी तपासणीला जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं. रोज जे कपडे घालता ते घाला, रोज जी काठी वापरता ती न्या. जो माणूस तुम्हाला उचलतो, बसवतो, त्याला बरोबर न्या आणि त्याला बोलू द्या. डॉक्टरांचे आभार मानायचेत ना? ते बोलून माना, चालून नको. आणि घर कुणाच्या नावावर आहे ते पंचायतीत आधी बघून घ्या. नाव दुसऱ्याचं असेल तर दाखला असून सवलतीला अडचण येते, असं भाऊसाहेब सांगतात.

नळ

भाऊसाहेबांनी सवलत लावली. मागचं हप्त्यांनी भरायचं ठरलं, पहिला हप्ता भरला त्याच दिवशी शिपायाला पाठवलं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. नळ परत चालू होतोय म्हणजे बघण्यासारखंच की. शिपाई जुन्या जागी, पायरीखाली बसून पान्हा लावायला लागला तेव्हा हे म्हणाले, तिथं नको, वर घे.

तो म्हणाला, वर कुठं?

"उंबऱ्यापाशी. हिला पायरी उतरता येत न्हाई." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. सासूबाई आत होत्या, त्यांनाही गेलं असणार. ह्या वेळी त्या वास्तूचं नाव काढायला बाहेर आल्या नाहीत.

शिपाई म्हणाला, पाइप वाढवावा लागंल.

"वाढव."

त्यानं पाइप वाढवला. आता तोटी उंबऱ्याला लागून आहे, बसल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. चौथ्या दिवशी पाणी येतं. मी पाट घेऊन दारात बसते आणि घागरी भरते.